उजवं झाकण

३ फेब्रुवारी, सोमवार

आज दिवसभर गॅरेज माझ्या एकटीच्या भरवशावर होतं. आई बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. डॉक्टरांनी नवीन काही सांगितलं नाही. नजरेच्या मधोमध जो काळा डाग पडलाय तो तसाच राहणार, कडेकडेचं जे दिसतं ते दिसत राहणार. म्हणजे बाबांना माणूस दिसतो, त्याचा चेहरा दिसत नाही. गाडी दिसते, स्क्रू दिसत नाही.

कॉलेजचं कंत्राट संपलं त्याला आठ महिने झाले. सोळा वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं आणि आता वडिलांच्या गॅरेजमध्ये मोटरसायकलींच्या चेन धुते. हे लिहिताना लाज वाटते का, ते प्रामाणिकपणे तपासलं. वाटत नाही. थोडी वाटते. माणसांसमोर वाटते, गाडीसमोर नाही.

माझ्या वाट्याला तेल, प्लग, ब्रेक, केबल आणि चेन. इंजिनाचं उजवं झाकण मात्र बाबांचं. त्या झाकणामागे क्लच असतो, आणि आमच्या गॅरेजमध्ये चाळीस वर्षांत ते बाबांशिवाय कोणी उघडलेलं नाही. आता तेही उघडत नाहीत. तसलं काम आलं की आम्ही गाडी परत पाठवतो. समोरच्या टायरवाल्याला आमची जागा हवी आहे आणि बाबांनी त्याला महिनाअखेरीला उत्तर द्यायचं कबूल केलंय. "इंजिन उघडणारं माणूस नसलं की ते गॅरेज नाही, पंक्चरचं दुकान," असं परवा म्हणाले. मी तिथेच बसून पंक्चर काढत होते.

आजचं समाधान एवढंच की सिस्टरच्या गाडीचं सर्व्हिसिंग मनासारखं झालं. सिस्टर म्हणजे आरोग्य केंद्रातली नर्स. बारा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होती, अजून मला 'बाई'च म्हणते. डोंगरातल्या वस्त्यांवर लसी घेऊन जाते ती याच मोटरसायकलवर. तिथे दुसरं काही चढत नाही. म्हणून तिच्या गाडीला नेहमीचं तेल न घालता दुकानातलं सगळ्यात भारी तेल घातलं, नव्या मोटारगाड्यांना घालतात ते. घर्षण कमी करतं, इंधन वाचवतं. दोन बोटांत धरलं तर रेशमासारखं निसटतं. गेल्या आठवड्यात आणखी तीन गाड्यांना तेच घातलं होतं. करायचं तर असं करावं.

१० फेब्रुवारी, सोमवार

सिस्टर गाडी ढकलत आली. घामाघूम.

"बाई, ही नुसती ओरडते हो. ओढत नाही. तिसऱ्या वस्तीच्या चढावर रेस दिली तर इंजिन कोकलतंय आणि गाडी जागच्या जागी. मागून एक म्हातारी काठी टेकत आली आणि मला मागे टाकून गेली. वर विचारते कशी, 'येऊ का गं ढकलायला?'"

क्लच स्लिप मारतोय, हे ऐकूनच कळलं. इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचवणारी पकड सुटते आहे, त्यामुळे आवाज वाढतो, वेग वाढत नाही.

"तुमच्याकडून सर्व्हिसिंग करून नेली ना, त्यानंतरच सुरू झालं," ती म्हणाली.

"योगायोग," मी म्हणाले.

वीस तारखेला, म्हणजे पुढच्या गुरुवारी, तिचं वरच्या वस्त्यांवर लसीकरण आहे. "तोवर खालची घरं मी पायी करीन," ती म्हणाली. "पण वीसला गाडी पाहिजेच. लसीचा डबा पाठीला बांधून मी सतरा किलोमीटर चढेन एक वेळ, पण त्यातला बर्फ थांबणार नाही माझ्यासाठी." मग बाबांकडे वळली. "बाबा, तुम्ही बघाल ना?"

बाबा स्टुलावर बसले होते. म्हणाले, "ती बघेल."

मला वाईट वाटलं. पूर्वी सिस्टरचं काम असलं की स्वतः उठायचे. आता अंगाला लावूनच घेत नाहीत.

लिव्हर तपासला. क्लचची केबल जरा जास्तच ताणलेली होती, मोकळीक जवळजवळ नव्हती. केबल ताणलेली राहिली की क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. घोडं इथेच पेंड खातंय. दोन नट फिरवले, मोकळीक बरोबर केली. दहा मिनिटांचं काम.

११ फेब्रुवारी, मंगळवार

घोडं तिथे पेंड खात नव्हतं.

पाण्याच्या टाकीच्या चढावर नेऊन पाहिली. दुसऱ्या गिअरमध्ये ठीक, तिसऱ्यात ठीक, चौथ्यात रेस दिली आणि आवाज एकदम उंच गेला, गाडी होती तिथेच. सुटलेल्या पतंगासारखा आवाज. नव्हे, पतंगाला आवाज नसतो. मला उपमा सुचत नाहीत. आवाज वाईट होता.

आता एकच वाट उरते आणि ती उजव्या झाकणातून जाते. बाबांना विचारायला हवं. दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहा घेणार का, एवढंच विचारलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

विचारलं. सकाळी सात वाजता, शटर उघडता उघडता, पाठ करून ठेवलेलं वाक्य म्हटलं: "बाबा, सिस्टरच्या गाडीचं उजवं झाकण उघडावं लागेल. दुसऱ्या गॅरेजला पाठवू, की मी..."

"उघड," म्हणाले.

एवढंच. मी पुढची तीन वाक्यंही तयार ठेवली होती, ती वाया गेली.

आधी तेल काढलं. नुकतंच घातलेलं भारी तेल, म्हणून फेकलं नाही. बारीक जाळीतून गाळून झाकून ठेवलं. मग एकेक स्क्रू सोडवला आणि पुठ्ठ्यावर झाकणाचं चित्र काढून ज्या भोकाचा स्क्रू त्या भोकात खोचला, म्हणजे परत लावताना लांब-आखूडचा घोळ नको. बाबांनी पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "हे कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. विसरेन अशी भीती वाटली."

"मी डब्यात टाकायचो. दर वेळी एक उरायचा." मला वाटतं ते माझ्या भित्रेपणाला हसले.

आत क्लच. एक खरबरीत प्लेट, एक पोलादी, पुन्हा खरबरीत, पुन्हा पोलादी, अशी चवड, तेलात बुडालेली, वरून चार स्प्रिंगांनी दाबलेली. खरबरीत प्लेटा इंजिनाबरोबर फिरतात, पोलादी चाकाकडे जोर नेतात. एकमेकींना घट्ट धरून ठेवलं तर गाडी चालते. पुस्तकात हे चित्र शंभर वेळा पाहिलंय. हातात पहिल्यांदा घेतलं.

"मोठ्याने मोजत जा," बाबा म्हणाले.

मोजलं. खरबरीत प्लेटा पाच. जाडी दोन पूर्णांक नऊ मिलिमीटर, पाचही तशाच. दोन पूर्णांक सहाच्या खाली गेल्या तर बाद. पोलादी प्लेटा काचेवर ठेवून कडेखाली पातळ पत्ती सरकवून पाहिली. कुठेच गेली नाही, म्हणजे वाकलेली एकही नाही. त्यातल्या दोघींवर घसरून तापल्याचा निळसर डाग. स्प्रिंगा चारही सारख्या उंचीच्या.

थोडक्यात, सगळं ठीक. ज्या क्लचमध्ये काही बिघडलेलं नाही तो क्लच घसरतोय.

बाबांनी एक प्लेट मागितली, अंगठा फिरवला. मग गाळलेल्या तेलात बोट बुडवलं, चोळलं, नाकाशी नेलं. मग विचारलं, "या गाडीत अलीकडे नवीन काय आलंय?"

"काहीच नाही. सगळं जुनंच."

"बरं," म्हणाले, आणि बोट पुसलं.

त्यांना पूर्वीसारखं सुचत नाही आता. मला फार वाईट वाटलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

स्प्रिंगा मोजमापात असल्या तरी थकल्या असतील, असा तर्क करून नव्या घातल्या. पटलेला तर्क नव्हता, पण दुसरा नव्हता. झाकण बंद, तेल परत आत, टाकीचा चढ. नव्या स्प्रिंगांमुळे जरा उशिरा घसरला, पण घसरलाच.

गाडी ढकलत परत येताना टायरवाला त्याच्या दारात उभा. "काय प्रोफेसर, धडा पुढच्या तासाला का?"

"आज चाचणी होती," मी म्हणाले.

"आणि निकाल?"

"तुम्हाला महिनाअखेरीला कळणारच आहे."

उत्तर बरं जमलं. पण महिनाअखेरीला काय कळणार? की बाईने उजवं झाकण उघडलं, सगळं मोजलं आणि जसंच्या तसं बंद केलं?

संध्याकाळी आईचा फोन. "काय चाललंय तुमचं गॅरेजमध्ये? हे जेवताना दुसरं काही बोलतच नाहीत. आज तिने पुठ्ठ्यात स्क्रू खोचले, आज तिने काचेवर प्लेटा ठेवल्या. मला कळतंय का त्यातलं काही?"

म्हणजे घरी जाऊन माझ्या चुका मोजतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

सापडलं.

कॉलेजात प्रयोग फसला की मी मुलांना सांगायचे: निष्कर्ष बघू नका, नोंदवही बघा. आज तेच केलं. ही वही पहिल्या पानापासून वाचली. बाबांचा प्रश्न डोक्यात होताच, अलीकडे नवीन काय आलंय. मी 'काहीच नाही' म्हणाले होते, आणि तीन तारखेच्या पानावर, माझ्याच अक्षरात, वर मिरवून लिहिलेलं:

'घर्षण कमी करतं. दोन बोटांत धरलं तर रेशमासारखं निसटतं.'

इंजिनाचं आणि क्लचचं तेल या गाड्यांत एकच असतं. मोटारगाडीचा क्लच कोरडा, वेगळ्या खोलीत. तिला असलं तेल चालतं. मोटरसायकलच्या प्लेटा त्याच तेलात बुडालेल्या, आणि एकमेकींना धरून ठेवणं हेच त्यांचं काम. त्यांना मी जगातलं सगळ्यात निसरडं तेल पाजलं. एवढंच नाही, ते काढलं, जाळीतून गाळलं आणि प्रेमाने परत घातलं.

साधा मेकॅनिक ही चूक करणार नाही. तो डब्यावर गाडीचं चित्र बघतो. ही चूक करायला पदार्थविज्ञानात एम.एस्सी. व्हावं लागतं.

आणि मग आठवलं: आणखी तीन गाड्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

वहीत सापडलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. पुन्हा तर्कावर विसंबून झाकण उघड-बंद करायचं नव्हतं.

भंगारवाल्याकडून स्प्रिंगचा काटा आणि तसल्याच क्लचच्या दोन जुन्या प्लेटा मागून आणल्या. पोलादी प्लेट बाकाला घट्ट बांधली, तिच्यावर खरबरीत प्लेट, वर पाच किलोचा लोखंडी ठोकळा. काटा अडकवून आडवं खेचायचं आणि प्लेट हलते त्या क्षणी वाचायचं. आधी नेहमीचं तेल लावून: सातशे ग्रॅम, सातशे वीस, सातशे. प्लेटा रॉकेलने धुऊन, सुकवून, भारी तेल लावून: चारशे ऐंशी, पाचशे, चारशे ऐंशी.

पकड जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. अंगावर काटा आला. पगार घेऊन शिकवलेल्या तासाला कधी आला नव्हता.

बाबा ऐकत होते. उठून आले, म्हणाले, "मला दे." स्वतः खेचलं, एकदा या तेलावर, एकदा त्या. मग हसले. "काखेत कळसा नि गावाला वळसा."

"तुम्हाला आधीच कळलं होतं का?"

"मला आता दिसतं का काही?" म्हणाले.

तेही खरंच. डब्यावरचं त्यांना वाचता येणं शक्यच नाही.

मग विचारलं, "सिस्टरबाईला काय सांगणार?"

"झालं ते."

"प्लेटा गेल्या होत्या म्हटलं तरी चालतं. कोण उघडून बघतंय?"

बाबांकडून हे ऐकेन असं वाटलं नव्हतं. "नाही," मी म्हणाले. "माझी चूक, मी सांगणार. उरलेल्या तिघांनाही आजच फोन करते."

"गिऱ्हाईक जाईल."

"जाऊ दे. क्लच निसटून कोणी चढावरून मागे आलं तर?"

"बरं," म्हणाले, आणि चहा मागवला. पिऊन झाल्यावर आणखी एक मागवला. दुसरा कप ते कधी घेत नाहीत.

तिघांना फोन केले. पेपरवाला म्हणाला, "मला वाटलं माझंच वजन वाढलं." प्लंबरने फोनवरच चार शब्द सुनावले. मी मध्ये बोलले नाही, त्याचा हक्कच होता. फोटोवाला ओरडला, "अहो, मी गाडी विकायला काढलीये! थांबा, उद्या यायचंय त्या माणसाला आधी नाही म्हणून सांगतो!" तिघांच्याही गाड्या या आठवड्यात, फुकट.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सिस्टरला केंद्रातून बोलावून घेतलं आणि उभ्या उभ्या सांगितलं. बाकावरचा काटाही दाखवला. तेल माझ्या मनाने घातलं, चुकीचं होतं, तुझा क्लच त्यामुळे घसरला, तू आलीस तेव्हा मी 'योगायोग' म्हणाले तेही चुकलं.

काट्याकडे बघून ती तोंडावर हात ठेवून हसायलाच लागली. "बाई, आठवतंय? 'घर्षण: मित्र की शत्रू', दहा मार्कांचा प्रश्न. मी नुसतं शत्रू लिहिलं म्हणून तुम्ही माझे सहा कापले होते."

"सहा?"

"सहा! घरी मार खाल्ला होता. आता सांगा, तुमचे किती कापू?"

"दहाच्या दहा काप."

"नाही हो." ती गंभीर झाली. "मी एकदा एका बाळाच्या कार्डावर चुकीची तारीख घातली होती. कोणाला कळलं नसतं. वर त्यांच्या घरी जाऊन सांगून आले, तर त्याची आजी माझ्यावर धावून आली. आता त्या वस्तीत सगळे मलाच बोलावतात, दुसरी नर्स गेली तर दार उघडत नाहीत." मग पर्स उचलून म्हणाली, "गाडी इथेच राहू दे. परवा सकाळी आठला येते. बाबा, लक्ष ठेवा हो बाईंवर."

"मी कशाला?" बाबा म्हणाले. "ती आहे की."

इतकं तुटक बोलायची काय गरज होती? मीच विषय बदलला.

दुपारी झाकण पुन्हा उघडलं. भारी तेल या वेळी गाळलं नाही, टाकाऊच्या पिंपात ओतलं. इंजिन स्वस्त योग्य तेलाने आतून दोनदा धुतलं. पोलादी प्लेटा काचेवर पॉलिशपेपर ठेवून गोल गोल घासल्या, निळे डाग पडलेल्या दोन बदलल्या. खरबरीत प्लेटा नव्या घेतल्या. जुन्या मोजमापात असल्या तरी ते तेल त्यांच्यात मुरलंय, आणि माझ्या चुकीचा उरलेला अंश सिस्टरच्या चढावर मला नको. नव्या प्लेटा रात्रभर योग्य तेलात भिजत ठेवल्यात. कोरड्या घातल्या तर जळतात.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सगळं जोडलं. खरबरीत, पोलादी, खरबरीत. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले, म्हणजे दाब सगळीकडे सारखा. नवं गॅस्केट, मग पुठ्ठ्यावरचा एकेक स्क्रू आपापल्या जागी. शेवटी पुठ्ठा रिकामा झाला. एकही उरला नाही, हे मी बाबांना दोनदा सांगितलं.

चाचणीला ओझं हवं होतं. सिस्टर डबा घेऊन जाते, शिवाय कधी कधी मागे आशाताईही असते. मी वाळूचं पोतं बांधायला लागले तर बाबा म्हणाले, "पोतं कशाला? मी आहे."

बहात्तराव्या वर्षी मागे बसले. एक हात माझ्या खांद्यावर. चढाच्या पायथ्याशी म्हणाले, "चौथा टाक."

"चौथ्यात चढायची ही चढण नव्हे, बाबा."

"म्हणूनच टाक."

टाकला. इंजिन घुसमटलं, कुरकुरलं, पण निसटलं नाही. रेस दिली तेवढी गाडी पुढे गेली, जेवढा आवाज तेवढा वेग, जणू माझ्या मनगटापासून चाकापर्यंत एकच सळई आहे. टाकीपाशी पोचलो तेव्हा मी मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही, माजी प्राध्यापिकेला शोभणारं नव्हतं. टाकीवरचा पंपवाला घाबरून बाहेर आला.

सोळा वर्षांत किती मुलांना घर्षण समजावलं! आज वाटलं, मलाच समजलं. अभिमान वाटतोय. वाटावा का, यावर विचार केला: चूकही माझीच होती, म्हणजे मी फक्त शून्यावर परत आले. तरी वाटतोय. आज हे असंच राहू देते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सिस्टर आठला आली. लसीचा डबा मागे बांधला, पट्टा दोनदा ओढून पाहिला, किक मारली. "येते हो, बाई. त्या म्हातारीला आज मागे टाकते की नाही बघा."

ती गेली आणि बाबा दारात येऊन उभे राहिले. गाडी त्यांना वळणापर्यंतही दिसली नसणार. मान जराशी कलती करून ऐकत होते. गावाबाहेर घाटाचा पहिला चढ लागतो, त्याचा आवाज सकाळी इथवर येतो. "तिसरा," म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "दुसरा. रेस देतेय." आवाज जड होत गेला, भरीव, एकदाही पुढे पळाला नाही. "धरलाय," म्हणाले. ऐकू यायचं बंद झाल्यावरही थोडा वेळ तसेच उभे होते.

तेवढ्यात टायरवाला रस्ता ओलांडून आला. "काय बाबा, आठ दिवस राहिले. काय ठरलं?"

"ठरलं. तू दुसरी जागा बघ."

"अहो, पण इंजिनं उघडणार कोण?"

"परवा उघडलेलं बंद होऊन डोंगर चढतंय. कान नाहीत का तुला?"

टायरवाला माझ्याकडे बघत राहिला. मीही बघत राहिले. जागा राहिली! इतका मोठा निर्णय इतक्या सहज, मला न विचारता. एका गाडीवरून असं ठरवू नये खरं तर. पुराव्यासाठी निदान तीन गाड्या तरी हव्यात. पण प्लंबरची गाडी येऊन उभी होती, ती आत घेतली आणि पुठ्ठा कापायला बसले.

दुपारी बाबांनी कमरेची शटरची किल्ली सोडून माझ्या बाकावर ठेवली. म्हणाले, "उद्यापासून मी दहाला येईन."

दहाला! चाळीस वर्षांत ते सातनंतर कधी आलेले नाहीत, तापातसुद्धा नाही. विचारलं, बरं वाटत नाही का? म्हणाले, "छान वाटतंय." पण कालचे गाडीवरचे धक्के बाधले असणार, आणि सोमवारी चहाही दोन कप झाला होता. सिस्टर संध्याकाळी खाली आली की आधी त्यांचं बीपी मोजून घ्यायला हवं.